४६ नावं आणि काजूचे पैसे

ताई, नमस्कार.
मी ३४ वर्षांचा, वेंगुर्ले तालुक्यातला. मुंबईत डिजिटल मार्केटिंगच्या एका कंपनीत होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो परत गेलोच नाही. बाबांची काजूची बाग बघतो, घरून थोडी ऑनलाइन कामं करतो. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टी-ट्वेंटी वर्ल्ड कप चालू होता आणि मॅच लावली की क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांची जाहिरात, असं चाललं होतं. मी कॉइन घेतले नाहीत, पण क्रिप्टोवरची डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेत सुटलो. आज ४६ आहेत : २९ डॉट कॉम, १७ डॉट इन. रिन्यूअलला वर्षाला ५६ हजारांच्या आसपास जातात. एकही विकलं गेलेलं नाही.
यंदा गणपतीला आलेला मावसभाऊ म्हणाला, "क्रिप्टोच्या जाहिरातींवर जेवढी बंदी येईल तेवढी तुझी नावं महाग होतील. जाहिरात करता येत नाही म्हटल्यावर कंपन्या चांगलं नावच घेणार ना? क्रिप्टो डॉट कॉमचं बघ." त्यात मागच्या आठवड्यात एका नावाला १८ हजार डॉलरची ऑफर आली आहे. फक्त आधी त्या नावाच्या मूल्यांकनाचं सर्टिफिकेट काढून द्या म्हणतात.
बायको म्हणते, सोडून द्या सगळं. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. गेली दोन वर्षं रिन्यूअल काजूच्या पैशांतून झालं आहे. पण बाबांनी वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची कलमं लावली तेव्हा तेही थांबलेच ना? मग मी का नको थांबू? १९ ऑक्टोबरपासून रिन्यूअलच्या तारखा सुरू होतात. यादी सोबत जोडली आहे.
— नाव छापू नये

नाव छापत नाही.

आधी तातडीचं. १८ हजार डॉलरच्या त्या मेलला उत्तर देऊ नका. दिलं असेल तर पुढचं देऊ नका.

रत्नागिरीत माझं वेबसाइट करून देण्याचं छोटं दुकान होतं तेव्हाची गोष्ट सांगते. 'कोकण' शब्द असलेलं एक नाव मी हौसेनं घेऊन ठेवलं होतं. एका सकाळी मेल आला : नाव आवडलं, साडेसात हजार डॉलर देतो, पण माझा पार्टनर मूल्यांकन बघितल्याशिवाय पैसे सोडत नाही, आणि त्याला अमुक एका साइटचंच सर्टिफिकेट चालतं. मी त्या साइटवर साडेचार हजार रुपये भरले. दोन दिवसांत सर्टिफिकेट आलं. सोनेरी कडा, खाली झोकदार सही, आणि माझ्या नावाची किंमत चक्क साडेनऊ हजार डॉलर. मी मनातल्या मनात दोन हजार वाढवूनही मागितले! सर्टिफिकेट पाठवलं आणि गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. साइट त्याचीच होती. त्याला नाव नकोच होतं, साडेचार हजार हवे होते. मी त्या सर्टिफिकेटची प्रिंट काढून दुकानात संगणकाच्या वर चिकटवली. कुणी "मॅडम, नावं विकून पैसे मिळतात का हो?" म्हणून विचारायला आलं की नुसतं बोट दाखवायचं.

खरा घेणारा आपल्या मनाशी किंमत ठरवून येतो. त्याला तुमच्या सर्टिफिकेटशी काही देणंघेणं नसतं. पैसे एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्या भरवशाच्या कंपनीकडे ठेवतो, नाव त्याच्या खात्यात गेलं की पैसे तुमच्याकडे येतात. मधल्या काळात डोमेनचा ट्रान्सफर कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायची किल्ली, मेलवर मागणाऱ्याला तो द्यायचा नाही. हे झालं.

आता मावसभाऊ. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून त्याच्याशी नीट भांडायला हवं.

३० जानेवारी २०१८ ला फेसबुकनं क्रिप्टोच्या जाहिराती बंद केल्या. मार्चमध्ये गुगलनं जाहीर केलं की जूनपासून आम्हीही तेच करणार. त्याच महिन्यात ट्विटरही त्यांच्या रांगेत जाऊन बसलं. म्हणजे अर्धं वर्ष सरायच्या आत इंटरनेटवरच्या जाहिरातींची मोठी दारं एकामागून एक लागली. नावं घेऊन ठेवणाऱ्या मंडळींनी तेव्हाही तुमच्या मावसभावाचाच हिशेब मांडला होता. पैसे देऊन माणसं साइटवर आणता येत नाहीत, मग जो माणूस स्वतःहून पत्ता टाइप करून येतो तो सोन्याचा. असा माणूस आणणारं नावही सोन्याचं. आणि जुलै २०१८ मध्ये बातमी आली की क्रिप्टो डॉट कॉम विकलं गेलं. जूनमध्ये गुगलची बंदी, जुलैत विक्री. आणखी काय पुरावा हवा?

पण ते नाव कुणाकडे होतं बघा. मॅट ब्लेझ नावाचे संगणक-सुरक्षेचे एक प्राध्यापक. त्यांनी ते १९९३ साली नोंदवलं, तेव्हा बिटकॉइनचा जन्म व्हायला पंधरा-सोळा वर्षं होती. त्यांच्या लेखी क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोग्राफी, संदेश गुप्त ठेवण्याचं शास्त्र. मागणारे येत होते आणि ते वर्षानुवर्षं नाही म्हणत होते. विक्रीची किंमत कधी जाहीर झाली नाही, जे आकडे फिरतात ते अंदाज आहेत. घेणारी कंपनी होती मोनॅको. तिनं नाव घेतलं आणि स्वतःचंच नाव बदलून ते लावलं. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याच कंपनीनं लॉस एंजेलिसच्या एका प्रसिद्ध स्टेडियमला आपलं नाव द्यायला २० वर्षांचा करार केला, ७० कोटी डॉलरचा म्हणून त्याची बातमी झाली. जाहिरातीचं दार लागलं म्हणून बिचारी नावावर भागवते आहे, असं काही यात दिसत नाही. तिला दुकानाची पाटी हवी होती आणि जगात तशी पाटी एकच होती.

दुसरं उदाहरण तुमचा मावसभाऊ देणार नाही, म्हणून मी देते. जून २०१९. ब्लॉक डॉट वन या क्रिप्टोतल्याच कंपनीनं एक नाव ३ कोटी डॉलरला घेतलं. कुठलं? व्हॉइस डॉट कॉम. व्हॉइस म्हणजे आवाज. त्यात ना क्रिप्टो, ना कॉइन, ना ब्लॉक, ना चेन. (विकणारी कंपनी मायक्रोस्ट्रॅटेजी. पुढच्याच वर्षापासून तीच बिटकॉइन घेत सुटली, ही त्यातली गंमत.) त्याच महिन्यात फेसबुकनं स्वतःचं नाणं काढायचं जाहीर केलं, त्याचं नाव लिब्रा. पुढे बदललं, ते डिएम. तिथंही 'क्रिप्टो' हा शब्द नाही.

यामागचं कारण साधं आहे. तुम्ही स्वतः डिजिटल मार्केटिंगमध्ये होतात, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. जाहिरात मंजूर करताना नुसती जाहिरात बघत नाहीत, ती उघडल्यावर माणूस कुठल्या पत्त्यावर जातो तेही बघतात. पत्त्यातच 'बिटकॉइन' असेल तर तपासणाऱ्या यंत्राला फार शोधावं लागत नाही. म्हणजे बंदीच्या काळात हा शब्द कपाळावर घेऊन फिरणं ही अडचण झाली. पैसेवाल्या कंपन्यांना हे आधी कळलं. त्या साध्या, कशालाही चालतील अशा शब्दांकडे वळल्या.

वेंगुर्ल्यात राहता, म्हणून मासळीवर येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा फ्रीजरमधल्या सुरमईचा भाव का चढतो? होड्या वर ओढलेल्या, पण खाणारी तोंडं तेवढीच. माल आटला, गिऱ्हाईक तेवढंच राहिलं. मावसभावाच्या डोळ्यांसमोर ही बंदी आहे. जाहिरातबंदी नेमकी उलटी. नावांचा माल कणभरही आटत नाही. आज रात्री कुणीही बसून क्रिप्टोची आणखी ५० नावं घेईल, तुम्ही घेतलीत तशीच. आटतं ते गिऱ्हाईक. मार्केटातल्या टोपल्या भरलेल्या आणि गावातून बाजाराकडे येणारा रस्ता खणून ठेवलेला, अशा दिवशी बांगड्याचा भाव काय होईल ते कोळणीला विचारा.

तुमच्यासारखी दोन-तीन शब्द जोडलेली नावं घेतं कोण? पाच-सात लाख घेऊन धंद्याला बसलेला नवशिका. त्याचा सगळा बेत जाहिरातींवर असतो : नाव घ्यायचं, साइट करायची, जाहिरात लावायची, माणसं आणायची. जाहिरातच लागणार नाही म्हटल्यावर तो नाव घेत नाही, तो धंदाच सुरू करत नाही. आणि बंदी फार काळ नुसती बंदी राहत नाही, तिचा परवाना होतो. गुगलनं २०१८ च्या ऑक्टोबरातच अमेरिका आणि जपानमधल्या नियमनाखालच्या एक्स्चेंजना, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांना, दार किलकिलं केलं. ऑगस्ट २०२१ पासून अमेरिकेत नोंदणी केलेल्या एक्स्चेंजना आणि वॉलेटवाल्यांना (क्रिप्टो साठवायची सोय देणाऱ्यांना) आणखी मोकळीक दिली. आत कोण गेलं? ज्यांच्याकडे वकील आहेत, नोंदणी आहे, ते. त्यांची नावं आधीच लोकांच्या तोंडी होती. तुमच्या यादीतल्या 'गुरू' किंवा 'मित्र' जोडलेल्या नावाची त्यांना काय गरज?

पत्ता टाइप करून येणाऱ्या माणसाबद्दलही एक सांगते. असा माणूस होता, मी त्याला पाहिलेलं आहे. सायबर कॅफेत बसून तो 'हॉटेल' आणि गावाचं नाव जोडून डॉट कॉम लावून बघायचा. आज तो फोनवर ॲप उतरवून घेतो, नाहीतर गुगलमध्ये दोन शब्द बोलतो. शोधलेले शब्द नावात असले की साइट आपोआप वर यायची, ती सवलतही गुगलनं सप्टेंबर २०१२ मध्ये कमी केली, निदान भुक्कड साइटींपुरती.

पार्किंगचं, म्हणजे न विकलेल्या नावाच्या रिकाम्या पानावर जाहिराती लावून पैसे मिळवण्याचं, तर विचारूच नका. तुम्ही विवरण जोडलं आहे : ४६ नावं, ११ महिने, २ डॉलर ४० सेंट. पार्किंगच्या पानांवरच्या जाहिराती बहुतेक गुगलच्याच गोठ्यातून येत असत. ज्या विषयाच्या जाहिराती गुगल सहजी घेत नसे त्या विषयाच्या पानावर तो दाखवणार काय? बंदी थेट तुमच्या खिशापर्यंत पोचली ती इथं. मावसभावाच्या हिशेबात ही ओळ नव्हती.

आपल्याकडचं बघू. भारतात क्रिप्टोच्या जाहिरातींवर कायद्यानं सरसकट बंदी नाही. १ एप्रिल २०२२ पासून जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे, ॲस्कीचे, नियम आले. क्रिप्टो अनियंत्रित आहे, जोखीम मोठी आहे, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल, असा इशारा प्रत्येक जाहिरातीत द्यायचा. छापील जाहिरातीत त्याला निदान पाचवा हिस्सा जागा, व्हिडिओत शेवटी निदान पाच सेकंद. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं कलम निराळंच आहे. या जाहिरातींत काही शब्द वापरायचेच नाहीत, आणि त्या यादीत पहिला मान 'करन्सी'चा. तुमच्या यादीत 'करन्सी' असलेली नावं मी मोजली. नऊ आहेत. म्हणजे उद्या एखादा घेणारा मिळालाच, तर त्याला स्वतःच्या पत्त्यासकट जाहिरात करायची पंचाईत. ही नऊ आजच्या आज वजा.

त्याच १ एप्रिलला क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करू देत नाहीत. १ जुलैपासून व्यवहारांवर १ टक्का टीडीएस. देशातल्या एक्स्चेंजवरची उलाढाल तेव्हापासून ओसरली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटनं परदेशातल्या नऊ एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि त्यांच्या साइटी भारतात बंद कराव्यात असं कळवलं. जगभर गाजलेली नावं, पण इथल्या फोनवर उघडेनात. चांगलं नाव असलं की सगळं निभावतं म्हणणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

यावर मावसभाऊ म्हणेल, बंदी उठेल तेव्हा बघ. उठतातही. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोशी व्यवहार करायला मनाई केली, ती सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये रद्द केली. म्हणूनच तर २०२१ साली तुम्हाला मॅचमध्ये एवढ्या जाहिराती दिसल्या. आता तुमची स्वतःचीच वही उघडा. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२२ : जाहिरातींचा नुसता पाऊस, बिटकॉइन नोव्हेंबरात ६९ हजार डॉलरच्या आसपास. तुमची विकलेली नावं शून्य. त्यानंतर : नियम, कर, वर्षभरात भाव १६ हजारांवर, विकलेली नावं शून्य. मग डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइननं एक लाख डॉलर ओलांडले. विकलेली नावं शून्य. बंदी नव्हती तेव्हा विकलं नाही, आली तेव्हा विकलं नाही, भाव पडला तेव्हा नाही आणि चढला तेव्हाही नाही. एवढे सगळे ऋतू बघून झाल्यावर दोष हवेला देता येत नाही.

यादीत 'अंदाजे किंमत' असा एक रकाना आहे आणि खाली बेरीज ६१ हजार डॉलर. हे आकडे फुकट मूल्यांकन करणाऱ्या यंत्राचे आहेत. ते अक्षरं मोजतं, शब्द ओळखतं, कुठंतरी त्या शब्दाचं काहीतरी विकलं गेलं असेल ते बघतं आणि आकडा देतं. गिऱ्हाईक देत नाही. विक्रीला लावलेल्या नावांच्या किमतीही बघू नका, त्या मागितलेल्या किमती. झालेल्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या साइटी आहेत, नेमबायो त्यातली जाणती. तिथं तुमच्यासारखी जोडनावं शोधा आणि किती विकली ते मोजा. या धंद्यात मुरलेली माणसंसुद्धा वर्षाला शंभरात एक-दोन नावं विकली जातील असं धरून चालतात, आणि त्यांची नावं तुमच्या-माझ्यापेक्षा बरी असतात.

तुमची यादी मी प्रिंट काढून, लाल पेन घेऊन पडवीत बसले. नऊ 'करन्सी'ची गेली. तीन नावांत चालू एक्स्चेंजचं नाव आहे आणि पुढे 'मराठी' जोडलेलं. ही सगळ्यात आधी सोडा. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर बसणं आहे ते. आणि हुशारी करून त्याच कंपनीला "घेता का?" म्हणून मेल टाकू नका. डॉट कॉमच्या तंट्यांचे नियम १९९९ पासून आहेत, डॉट इनलाही त्याच धर्तीचे आहेत, आणि ट्रेडमार्कवाल्याला ते नाव चढ्या किमतीला विकायला जाणं हाच त्यात वाईट हेतूचा पुरावा धरतात. 'गुरू', 'मित्र', 'बाजार', 'घर' जोडलेली वीस. यांना काय म्हणू? घेताना मजा आली असेल. गावाच्या, तालुक्याच्या नावापुढे 'कॉइन' लावलेली आठ. ती वाचून मला खरंच हसू आलं, रागावू नका. त्या गावात कॉइन निघणार असेल तर तो देवळाच्या दानपेटीत.

उरली सहा. त्यातली पाच डॉट कॉम बरी आहेत : दोन सरळ इंग्रजी शब्द, उच्चारायला सोपे, तीनांत तर क्रिप्टो शब्दही नाही, पैशाच्या कुठल्याही ॲपला चालतील. ही एक वर्ष ठेवा. सेडो किंवा आफ्टरनिक या नावं विकायच्या साइटवर लावा, पण पंचवीस हजार डॉलर नको, तीनशे ते पाचशेच्या दरम्यान आणि 'लगेच घ्या' असा ठरलेला भाव लावून. वर्षात एक गेलं तरी पाचांचा खर्च निघेल. नाही गेलं तर पुढच्या ऑक्टोबरात तीही सोडा. सहावं नाव भलतंच आहे, तुमच्या गावाचं नाव आणि 'काजू', डॉट इन. ते कसं काय या कळपात शिरलं? ते असू दे. पाच डॉट कॉमचे सात हजार आणि याचे नऊशे. ५६ हजारांच्या जागी आठ हजारांच्या आत.

सोडलेलं नाव दुसऱ्यानं उचललं तर? उचलू दे. चार वर्षं ते तुमच्याकडे होतं तेव्हा कुणी दार वाजवलं नाही. मुदत संपल्यावर तुम्हाला मेल येत राहतील, शेवटची संधी, अगदी शेवटची संधी. काही दिवस नेहमीच्या दरात परत घेता येतं, नंतर ३० दिवस जबर दंड भरून. ते मेल मध्यरात्री उघडू नका, एवढंच.

आता कलमांचं. तुमच्या पत्रातला हा एकच मुद्दा मला थोडा वेळ गप्प करून गेला. बाबा थांबले, खरं आहे. पण वेंगुर्ला-४ चं कलम लावल्यावर ते तिथं नुसतं थांबलेलं नव्हतं. त्याला पहिल्या वर्षी पाणी घातलं, मग आळी केली, खत दिलं, आणि ते वाढलं, डोळ्यांना दिसेल असं वाढलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहोर आला तेव्हा थोडाच का होईना, आला. मोहोर न येणारं कलम बाबांनी किती वर्षं ठेवलं असतं? आणि कुठल्या कलमानं बाबांकडे दर ऑक्टोबरात जमिनीचं भाडं मागितलं? तुमची नावं वाढत नाहीत. ती २०२१ साली होती तेवढीच आहेत, अक्षरंसुद्धा तेवढीच.

बाबांना सांगायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते, सांगा. दोन वर्षांचे मिळून एक लाख बारा हजार होतात. हा आकडा तोंडानं उच्चारा, "थोडे पैसे गेले" असं म्हणू नका. त्यात किती किलो बी झाली असती हे ते तुमच्याआधी मनात काढतील, ते काढू द्या, मध्ये बोलू नका. डोमेन म्हणजे काय ते समजावत बसू नका. चिडतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. आमच्याकडे तर अशा वेळी बोलणं बंद आणि ताटात वाढणं चालू असायचं. बायको या सगळ्यात चार वर्षं गप्प बसलेली आहे, तेव्हा बाबांना सांगताना ती शेजारी असावी की नसावी, हे तिला विचारा, स्वतः ठरवू नका.

आणि त्या काजूच्या नावावर उद्याच वेबसाइट करायला घेऊ नका. मी हा धंदा केला आहे म्हणून सांगते. पहिल्या हंगामाला तुमच्या फोनमधली मुंबईची माणसं पुरतील, जुन्या ऑफिसातली, आणि गणपतीला येऊन गेलेली. मावसभावापासून सुरुवात करा, तो निदान दोन किलो तरी घेईल.

१९ तारीख जवळ आली. आज रात्री रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्या कंपनीकडून नावं घेतलीत तिच्या, खात्यात जाऊन आधी साठवलेलं कार्ड काढून टाका, मग ऑटो-रिन्यू बंद करा. ४० नावांना एकेक करून बंद करावं लागेल, काहींच्या साइटवर ते बटण तिसऱ्या पानावर दडवलेलं असतं. ठेवायची सहा हातानं भरा.